पितळी पातेल्यातले दूध आणि बाळांचे यकृत: सोलापूरच्या आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर;
आरोग्य अधिकारी, सोलापूर महानगरपालिका;
तसेच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग, विकृतिशास्त्र आणि जनऔषधवैद्यकशास्त्र विभागांतील सर्व अध्यापक यांस,

सादर नमस्कार.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या साथीने लहान मुलांच्या एका जीवघेण्या यकृतरोगावर १९७९पासून पुढे जवळजवळ दोन दशके शोधनिबंध प्रसिद्ध केले. ते निबंध आपल्या जिल्ह्यात पुन्हा वाचले जावेत, त्यांचे सार मराठीत यावे आणि ते बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोहोचावे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. परंतु ज्या संशोधनाचा गाभा दूध, तांबे आणि पितळ यांच्या रसायनात आहे, ते वाचून समजून घेण्याइतकी तयारी माझ्यापाशी आहे, आणि ते वाचल्यापासून बाजारात व घराघरांत जे पाहतो आहे त्याने मला स्वस्थ बसवत नाही.

वैद्यकाच्या पुस्तकांत या रोगाला ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या बायका ‘पोराला लिव्हर झालं’ एवढेच म्हणत. कलकत्त्याच्या सेन यांनी १८८७ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्याची नोंद केली, म्हणजे छापील इतिहासच सव्वाशे वर्षांहून जुना आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची, त्यातही बहुधा एक ते तीन वर्षांची मुले त्याला बळी पडत. सुरुवात अशी, की आईलाही चटकन कळू नये: मूल किरकिरे होते, खात नाही, हातपाय बारीक राहून पोट तेवढे पुढे येते. डॉक्टर पोट चाचपतात तेव्हा बरगडीखाली यकृताची कडक, पानाच्या काठासारखी धारदार कड बोटांना लागते. पुढे कावीळ, पोटात पाणी, रक्तस्राव आणि मृत्यू. कावीळ दिसू लागल्यावर बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एका घरातले एक मूल गेले की पाठचे भावंडही त्याच वाटेने जाण्याचा धोका असे, आणि म्हणूनच पिढ्यान् पिढ्या लोकांनी या रोगाचा दोष रक्ताला, कुळाला, शापाला आणि सर्वांत जास्त वेळा सुनेला दिला. एखाद्या आईची दोन-तीन लेकरे अशी गेल्यावर घरात तिची काय अवस्था झाली असेल, हे कोणत्याही शोधनिबंधात लिहिलेले नाही. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या काळी वॉर्डात काम केले आहे त्यांनी ते पाहिले असेल.

या रोगाची कारणे शोधताना विषाणू, बुरशीचे विष, तूप, आनुवंशिकता असे अनेक तर्क झाले. वळण आले ते १९७९ साली. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले, त्यांतला एक टॅनर आणि पंडित यांच्या गटाचा होता. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण भयंकर वाढलेले असते, हे त्यात दाखवले होते. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबे साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांमध्ये ते शेकड्यांत आणि कित्येकदा हजारांत निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली ओर्सिन या रंगद्रव्याने रंगवल्यावर पेशींत साठलेल्या तांब्याला धरून असलेले प्रथिन गडद तपकिरी कणांच्या रूपाने दिसते. विकृतिशास्त्राच्या अध्यापकांनी अशा काचपट्ट्या पाहिल्या असतील. माझ्यासारख्याला छापील चित्रावर समाधान मानावे लागले, तरी तेही विसरता येत नाही.

हे तांबे आले कुठून? पुण्याच्या गटाचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी उत्तर प्रयोगशाळेत शोधण्याआधी स्वयंपाकघरात शोधले. मुलाला आईचे दूध किती महिने मिळाले, वरचे दूध केव्हा सुरू झाले, ते कशात तापवले, कशात ठेवले, हे प्रश्न त्यांनी आयांना विचारले. १९८३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधाने असे मांडले की फार लवकर सुरू केलेले आणि पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले गाईम्हशीचे दूध हे या रोगाचे संभाव्य कारण आहे. पुढे १९८७ साली आजारी मुलांच्या आहाराची त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या आहाराशी जोडी लावून तुलना प्रसिद्ध झाली आणि तिनेही याच दिशेला बोट दाखवले.

यातले रसायन विद्यार्थ्याला फळ्यावर सांगावे इतके सोपे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. अशा भांड्यात साधे पाणी ठेवले तर त्यात तांबे फारसे उतरत नाही. दुधाचे तसे नाही. दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून कल्हई नसलेल्या भांड्यात दूध तापवले किंवा तासन् तास ठेवले की तांबे भांड्याकडून दुधाकडे जात राहते. दुधाच्या रंगावरून ते ओळखता येत नाही. दुसरीकडे, नवजात बाळाच्या यकृतात जन्मतःच मोठ्या माणसाच्या कितीतरी पट तांबे साठवलेले असते, आणि जास्तीचे तांबे शरीराबाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पित्त; तो मार्ग कोवळ्या वयात पुरता तयार नसतो. निसर्गाने आईच्या दुधात तांबे बेताचेच ठेवले आहे. त्या जागी महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला दिवसातून अनेकदा पितळी पातेल्यातले दूध मिळू लागले, तर यकृतात साठा वाढत जाणार हे उघड आहे. एका घरातली भावंडे एकामागून एक का आजारी पडत, याचाही बराच उलगडा होतो. रक्त एक होते, तसे पातेलेही एकच होते.

या गटाने उपचारही शोधला. डी-पेनिसिलामाइन हे औषध तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढते. कावीळ होण्यापूर्वी ते सुरू केले तर बरीच मुले वाचतात, हे १९८७ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच नियतकालिकात १९९६ साली डॉ. आशिष बावडेकर, भावे, पंडित आणि टॅनर यांनी औषधाने वाचलेल्या मुलांचा दीर्घकाळचा आढावा मांडला. जो रोग जवळजवळ खात्रीने मारत असे, त्यातून वाचून मोठी झालेली मुले त्या निबंधात आहेत. मधल्या काळात, १९९२ साली, रोग होऊच नये म्हणून काय करावे यावरचा त्यांचा निबंध आला. एका रोगाचे कारण, उपचार आणि प्रतिबंध या तिन्ही बाजू एकाच गटाने, आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवरच्या एका रुग्णालयात बसून लावून धरल्या, याचा मला मराठी माणूस म्हणून फार अभिमान वाटतो. आपल्या शाळांतून हे कुणी शिकवत नाही, याचे तेवढेच दुःखही होते.

या संशोधनावर आक्षेप आले आहेत, तेही इथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. ज्येष्ठ विकृतितज्ज्ञ डॉ. एन. सी. नायक १९७९च्या त्या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांपैकी होते. त्यांनीच पुढे, २०१३ साली, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मधील लेखात तांबे हे मूळ कारण असल्याच्या मताला सहकाऱ्यासह विरोध केला. पितळी भांडी वापरणाऱ्या असंख्य घरांपैकी मोजक्याच घरांत रोग का झाला, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर मला सर्वांत पटणारा पुरावा ऑस्ट्रियातून येतो. तिथल्या टायरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अगदी अशाच यकृतरोगाने गेली. तिथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवून बाळांना पाजत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी असे अनुमान काढले, की काही कुटुंबांत आनुवंशिक कमजोरी होती आणि तांब्याचे दूध मिळाल्यावर ती जिवावर बेतली. भांडी बदलली आणि रोग गेला. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच रोग होतो असे मानले, तरी त्यांतली एक, म्हणजे भांडे, आपल्या हातात आहे. कोणत्या बाळात दुसरी गोष्ट दडलेली आहे हे आधी ओळखण्याची सोय आपल्या उपकेंद्रांत नाही. शास्त्रज्ञांचा वाद चालू राहो, तो चाललाच पाहिजे. पण बाळाचे दूध स्टीलच्या पातेल्यात तापवा एवढे सांगायला त्या वादाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

आज हा रोग क्वचितच दिसतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. डॉक्टरांच्या प्रबोधनाचा त्यात वाटा आहे, आणि जुने कपडे घेऊन स्टीलचे डबे-पातेली देणाऱ्या बोहारणींचाही आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. साठ-सत्तरच्या दशकांनंतर पितळी तपेली, चरव्या, कासंड्या माळ्यावर गेल्या किंवा मोडीत निघाल्या आणि चुलीवर स्टील व ॲल्युमिनियम आले. रोग कमी झाला, पण तो का कमी झाला हे घरातल्या बायकांना कुणी सांगितलेच नाही. त्यामुळे आज तीच भांडी परत येताना त्यांना अडवणारे ज्ञान घरात नाही.

आणि ती परत येत आहेत. शहरातल्या भांड्यांच्या दुकानांत, सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत, पंढरपुरात वारीच्या दिवसांत पितळ-तांब्याच्या ढिगांपुढे तरुण जोडपी उभी दिसतात. प्लॅस्टिक सोडून जुन्याकडे वळण्याची त्यांची इच्छा चांगली आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. अलीकडे ओळखीच्या एका घरी बारशाला गेलो असता बाळासाठी आहेर म्हणून आलेला संच पाहिला: छोटे पितळी पातेले, वाटी, चमचा आणि झाकणाचा पेला. पातेले आतून बाहेरून सारखेच सोनेरी होते, म्हणजे आत कल्हईचा मागमूस नव्हता. बाळाच्या आजीने कौतुकाने सांगितले, की पाचव्या महिन्यापासून याच पातेल्यात बाळाचे दूध तापवायचे, पितळेने हाडे मजबूत होतात. मी तिथेच माहिती दिली, आणि त्या माउलीने ती शांतपणे ऐकून घेतली. तिने विचारले, ‘मग दवाखान्यात कुणी बोललं कसं नाही?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, तो आपला आहे.

दुकानदाराला विचारले तर बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळते, की गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते, कल्हई केलेले भांडे पांढुरके दिसते म्हणून विकले जात नाही. ही कल्हई नुसती शोभा नव्हती. कल्हईवाला भट्टी पेटवून भात्याने फुंकत असे, भांडे तापले की त्यात नवसागराची पूड टाकत असे, तिचा पांढरा धूर नाकाला झोंबत असे, आणि धातू स्वच्छ झाला की कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील एका हाताने सरसर आतून फिरवत असे. क्षणात पिवळे भांडे रुपेरी होई. कथलाचा तो पातळ थर अन्न आणि तांबे यांच्यामध्ये उभा राहतो. तो झिजतो, म्हणून वरचेवर द्यावा लागतो. ‘कल्हई उडाली’ म्हणजे भांडे स्वयंपाकातून बाजूला काढायचे, हे आमच्या आजीला न सांगता कळत होते. आता कल्हईवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. जे आहेत त्यांच्या कथलात स्वस्ताईसाठी शिसे मिसळले जात नाही ना, हेही कुणी तपासत नाही. आणि शिसे बाळाच्या मेंदूला घातक आहे. म्हणून बाळाच्या दुधापुरते तरी कल्हईवरही विसंबू नये, स्टीलच वापरावे, असे मला वाटते. घरच्या इतर स्वयंपाकासाठी चांगली कल्हई असलेले पितळ जरूर वापरावे.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून आणखी स्पष्ट लिहितो. निरोगी मोठ्या माणसाने तांब्याच्या कळशीतले पाणी पिण्याविषयी पुण्याच्या गटाचे निबंध बोलत नाहीत आणि मीही बोलत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालेल अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. माझा रोख फक्त तान्ह्या मुलांवर आणि त्यांच्या दुधावर आहे. विल्सनचा आजार, जो जनुकातील दोषामुळे होतो आणि ज्यातही यकृतात तांबे साठते, तो निराळा आहे. त्याची गल्लत करून घबराट पसरवू नये.

आता मागणीकडे येतो. बाळंतपणानंतर घरी सोडताना आईला जे सांगितले जाते, त्यात दोन वाक्ये घालावीत: सहा महिने फक्त अंगावरचे दूध; आणि त्यानंतरही वरचे दूध द्यायचे झाल्यास ते पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवायचे नाही, ठेवायचे नाही. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका घरभेटीला जातात तेव्हा बाळाचे दूध कोणत्या पातेल्यात तापते हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. गावाकडे ज्या घरी दुभती म्हैस आहे तिथे धार पितळी चरवीत काढून दूध तसेच ठेवण्याची चाल असेल, तर तीही विचारावी. सांगोला, मंगळवेढा, माढा, करमाळा या भागांत दुधाचा धंदा घरोघरी आहे, आणि दूध विपुल असलेल्या घरीच वरचे दूध लवकर सुरू होते.

हे सर्व केवळ मराठीत लिहून सोलापुरात भागणार नाही. पूर्व भागातल्या विणकर घरांत आजी तेलुगू बोलते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड चालते, शहरात उर्दू वाचणारी कुटुंबे आहेत. माहितीपत्रक चारही भाषांत हवे. बाळाला काय पाजायचे हे बहुतेक घरांत आजी ठरवते, म्हणून ते तिच्या भाषेत असले पाहिजे.

वैद्यकीय महाविद्यालयाकडे माझी वेगळी विनंती आहे, आणि तिच्यात माझा जीव जास्त गुंतलेला आहे. या रोगाचा पुण्यातला इतिहास छापला गेला, कारण तिथे कुणीतरी नोंदी ठेवल्या आणि त्यांवर प्रश्न विचारले. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग वॉर्डातही त्या काळात पोट पुढे आलेली, यकृत कडक झालेली मुले आली असणार. विकृतिशास्त्र विभागात जुनी शवविच्छेदनाची रजिस्टरे, यकृताच्या तुकड्यांचे ठोकळे, काचपट्ट्या जपलेल्या असतील, तर त्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात. त्यांतून सोलापूर जिल्ह्यात हा रोग कोणत्या तालुक्यांत, कोणत्या वर्षांत होता आणि केव्हा ओसरला याचा निबंध तयार होऊ शकतो. निवृत्त बालरोगतज्ज्ञ आणि जुन्या परिचारिका शहरात आहेत. त्यांच्या आठवणी ऐकून घेण्याची वेळ हीच आहे, कारण त्या काळी पंचविशीत असलेली माणसे आता सत्तरी ओलांडत आहेत. सध्याच्या स्थितीसाठीही एक साधा अभ्यास शक्य आहे: दोन वर्षांखालील मुलांच्या घरी कोणती भांडी वापरात आहेत याची पाहणी, आणि बाजारात मिळणाऱ्या बिनकल्हईच्या पातेल्यांत तापवून ठेवलेल्या दुधातले तांबे मोजणे. ते मोजण्याचे तंत्र आज अवघड राहिलेले नाही, आणि विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या विभागाची मदत मागता येईल.

भांडे विक्रेत्यांच्या संघटनेशी आपण बोलावे, असेही सुचवतो. ‘लहान मुलांच्या दुधासाठी नाही’ असा कागदाचा एक तुकडा पातेल्यावर चिकटवायला खर्च येत नाही, आणि अधिकाऱ्याने समजावून सांगितले तर बहुसंख्य व्यापारी ऐकतील असा मला विश्वास आहे. त्यांच्याही घरी नातवंडे आहेत.

‘आर्काइव्ह्ज’मधील १९८७ आणि १९९६ हे दोन्ही निबंध इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. १९९६च्या निबंधाचे मराठी सार मी तयार केले आहे. त्यातील वैद्यकीय भाग तज्ज्ञाच्या नजरेखालून जाणे आवश्यक आहे. बालरोग विभागातील कुणी अध्यापकांनी ते तपासून द्यावे. दुरुस्त प्रत हाती आली की तेलुगू आणि कन्नड भाषांतर करून देण्याची तयारी माझ्या दोन माजी सहकाऱ्यांनी दाखवली आहे. छपाईचा खर्च आम्ही निवृत्त शिक्षक वर्गणीतून उचलू. आपल्याकडून तपासणी, परवानगी आणि प्रसूती वॉर्डापर्यंत पत्रके पोहोचवण्याची व्यवस्था एवढे मिळाले, तर येत्या संक्रांतीपूर्वी, गड्डा भरण्याच्या आत, ती वाटता येतील.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर